बाबूजींच्या 'निवडक गाणी' कॅसेटचा क्रम हवाय, वडिलांसाठी

उद्यमनगरचा
६ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

सुधीर फडक्यांच्या, म्हणजे आपल्या बाबूजींच्या, एका जुन्या कॅसेटवरचा गाण्यांचा क्रम हवाय. ज्यांच्या घरी ती होती त्यांनी कृपया सांगा.

आमचे आबा टर्नर. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनचे पार्ट करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी ३५ वर्षं लेथ, म्हणजे धातू कातायचं मशीन, चालवलं. १९८८ च्या दिवाळीत बोनस हातात पडला त्या संध्याकाळी ते मला सायकलवर पुढं बसवून महाद्वार रोडला घेऊन गेले आणि ही कॅसेट घेतली. निळसर कव्हर, त्यावर पेटीपुढं बसलेल्या बाबूजींचा फोटो आणि 'निवडक गाणी' अशा अर्थाचं नाव. घरी टेप नव्हता, म्हणून कॅसेट वर्कशॉपच्या फळीवर गेली आणि तिथंच राहिली. तिथला टेप मालकांचा होता, कॅसेट मात्र एवढी एकच.

शाळा सुटली की मी डबा परत आणायला तिथं जायचो. गनमेटलचा एक बुश कातून उतरवायला आबांना दोन गाणी लागायची. ए बाजू संपली की चहा सांगायचा, बी बाजू संपली की मशीन पुसायचं. घड्याळाकडं कुणी बघत नव्हतं. आणि लेथ चालू असतानासुद्धा बाबूजींचा शब्द न् शब्द कळायचा. दुसऱ्या कुणाचं गाणं कुठं लागलं तर नुसती चाल ऐकू यायची, शब्द मशीनच्या आवाजात बुडायचे. आबा आजही म्हणतात, "त्या माणसाचा शब्द तासून काढल्यागत होता."

आबा रिटायर झाल्यावर कॅसेट घरी आली आणि ट्रंकेत बसली. आम्ही शुक्रवार पेठेत खालच्या अंगाला राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा घरात आली तेव्हा ट्रंक पाच दिवस पाण्यात होती. कव्हरच्या कागदाचा लगदा झाला. कॅसेट आहे, पण आत चिखल वाळलाय. ती टेपमध्ये घालायचं धाडस मी केलेलं नाही.

आता माझी मुलगी त्यांना मोबाईलवर बाबूजी लावून देते. आबा ऐकतात, पण गाणं संपलं की हात वर करतात. "ह्येच्या मागनं त्ये न्हाई. ह्येच्या मागनं 'अशी पाखरे' येतंय." त्यांना गाणी नको आहेत असं नाही, त्यांना ती त्यांच्या जागेवर हवी आहेत. म्हणून ठरवलंय, खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये लेथची पूजा होते तेव्हा तीच गाणी त्याच क्रमानं लावायची. मालकांच्या मुलानं आनंदानं हो म्हटलंय.

आबांनी सांगितलेला क्रम असा. ए बाजू: तोच चंद्रमा नभात, सखी मंद झाल्या तारका, अशी पाखरे येती, धुंदी कळ्यांना, तुझे गीत गाण्यासाठी. बी बाजू: देहाची तिजोरी, विकत घेतला श्याम, कानडा राजा पंढरीचा, आकाशी झेप घे रे, एक धागा सुखाचा.

ओळखीची एक खूण सांगतो. त्या कॅसेटमध्ये 'कानडा राजा' सावकाश संपत नाही, शेवटी एकदम थांबतं आणि 'टक्' असा आवाज येऊन पुढचं गाणं सुरू होतं. रेकॉर्डिंगच तसं होतं.


रंकाळ्याकाठी
६ सप्टेंबर, रात्री १०:०५

भावा, वडिलांना माझा नमस्कार सांग. क्रम मला माहीत नाही, पण धाग्यावर लक्ष ठेवून आहे.


सांजवात
६ सप्टेंबर, रात्री ११:२०

हीच कॅसेट आमच्या राजारामपुरीच्या घरी होती! निळं कव्हर, पेटी, सगळं तेच. मी आता पुण्यात असते, कॅसेट केव्हाच कुणाला तरी देऊन टाकली, पण क्रम मला पाठ आहे. दहावीच्या गॅदरिंगला मी त्यातली दोन गाणी बसवली होती आणि त्यासाठी बोटांनी बटण दाबून दाबून मागे-पुढे केलं होतं.

तुमच्या यादीत एक गाणं राहिलंय. 'सखी मंद झाल्या तारका'नंतर 'स्वर आले दुरूनी' होतं. त्याच्यानंतर 'अशी पाखरे येती'. यात मला काडीची शंका नाही, कारण गॅदरिंगला म्हटलेलं एक गाणं तेच.


उद्यमनगरचा
७ सप्टेंबर, सकाळी ७:१५

ताई, आबांना आत्ताच विचारलं. ते ठाम नाही म्हणतात. गाणं त्यांना माहीत आहे, रेडिओवर ऐकलंय, पण "आपल्या क्यासेटमधी न्हवतं" एवढंच म्हणाले आणि चहा प्यायला लागले. त्यांनी ती कॅसेट २० वर्षं रोज दोन-तीन वेळा ऐकलीय, त्यामुळं त्यांची चूक होईल असं मला वाटत नाही. तुमची कॅसेट नंतरच्या छपाईची असेल का?


सांजवात
७ सप्टेंबर, सकाळी ९:३०

असेल. पण मग बी बाजूलाही फरक आहे. माझ्या कॅसेटमध्ये 'कानडा राजा'नंतर 'अंतरीच्या गूढ गर्भी' होतं, आणि मग 'आकाशी झेप'. सहा आणि सहा, एकूण बारा गाणी. तुमच्या आबांच्या दहा. कंपनी दहाच गाण्यांची कॅसेट का काढेल?


भूपाळी
७ सप्टेंबर, दुपारी १:१०

क्रमाचं कोडं तुम्ही सोडवा. मला या बारा गाण्यांबद्दल थोडं लिहायचंय, कारण असल्या संग्रहांनी एक मोठा गैरसमज घरोघर पोचवला आणि तो मला फार वर्षं सलतो आहे.

कव्हरवर नाव एकट्या सुधीर फडक्यांचं. माझ्याकडेही तसे दोन संग्रह होते. गाण्यांची यादी होती, पण गीतकार आणि संगीतकार यांचा पत्ता नव्हता. त्यामुळं लोक समजतात की यातल्या सगळ्या चाली बाबूजींच्याच. सांजवात म्हणतात त्या बारांपैकी सात त्यांच्या आहेत. उरलेल्या पाच नाहीत.

'सखी मंद झाल्या तारका' आणि 'अंतरीच्या गूढ गर्भी' या दोन्ही चाली राम फाटकांच्या. पहिलं गीत सुधीर मोघ्यांचं, दुसरी कविता ना. घ. देशपांड्यांची, मेहकरच्या. 'अशी पाखरे येती' आणि 'तुझे गीत गाण्यासाठी' ही पाडगावकरांची गीतं, चाली यशवंत देवांच्या. 'स्वर आले दुरूनी'ला चाल आहे प्रभाकर जोगांची आणि तिथं शब्द यशवंत देवांचे. ज्यांचं 'गाणारं व्हायोलिन' प्रसिद्ध आहे तेच हे जोग. बाबूजींना वर्षानुवर्षं व्हायोलिनची साथ केली त्यांनी. आपल्या साथीदाराची चाल घेऊन हा एवढा मोठा संगीतकार माईकसमोर उभा राहतो आणि अशी गातो की ऐकणाऱ्याला ती त्याचीच वाटावी. माझ्या लेखी ही फार थोर गोष्ट आहे. संग्रहाच्या कव्हरवर चार शब्द जास्त छापले असते तर ती सगळ्यांना कळली असती.

आता उरलेली सात. 'तोच चंद्रमा नभात' शांता शेळक्यांचं. त्याचं बीज शीलाभट्टारिका या प्राचीन कवयित्रीच्या नावावर असलेल्या एका संस्कृत श्लोकात आहे. रात्र तीच, वारा तोच, सखाही तोच, आणि तरी काहीतरी हरवलंय. मम्मटाच्या 'काव्यप्रकाश' या काव्यशास्त्राच्या जुन्या ग्रंथात हा श्लोक उदाहरण म्हणून येतो. एवढ्या जुन्या मुळाचं गाणं उद्यमनगरात लेथच्या बाजूला रोज वाजत होतं, हे वाचून मला आज खरंच भरून आलं.

तीन गाणी गदिमांची: 'विकत घेतला श्याम' आणि 'एक धागा सुखाचा' ही १९६० च्या 'जगाच्या पाठीवर'मधली, आणि 'कानडा राजा' १९७० च्या 'झाला महार पंढरीनाथ'मधलं, ज्यात बाबूजींबरोबर वसंतराव देशपांडे आहेत. आणि तीन आपल्या जगदीश खेबूडकरांची. 'धुंदी कळ्यांना' 'धाकटी बहीण'मधलं, 'देहाची तिजोरी' 'आम्ही जातो अमुच्या गावा'मधलं, 'आकाशी झेप घे रे' 'आराम हराम आहे'मधलं. खेबूडकर हळदी गावचे, पेशानं शिक्षक, आयुष्य इथंच गेलं, २०११ च्या मे महिन्यात इथंच गेले. बाबूजींचा जन्मही इथलाच, २५ जुलै १९१९, मूळ नाव राम. गाण्याचे पहिले धडे त्यांनी याच गावात वामनराव पाध्यांकडं घेतले. म्हणजे त्या कॅसेटमधली तीन गाणी शब्दापासून सुरापर्यंत कोल्हापूरची आहेत.


रंकाळ्याकाठी
७ सप्टेंबर, दुपारी २:००

'सखी मंद' बाबूजींची चाल नाही हे मला आज, वयाच्या ४१ व्या वर्षी कळलं. धन्यवाद काका.

एक विचारू? गीतरामायण नसेल तर त्याला 'निवडक' कसं म्हणायचं?


भूपाळी
७ सप्टेंबर, दुपारी ४:४५

नाही घेतलं तेच बरं केलं.

गीतरामायण ही ५६ गीतांची माळ आहे. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत गेलं आणि पुढं वर्षभर आठवड्याला एक असं ते चाललं. रेडिओवर तेव्हा वेगवेगळ्या पात्रांना वेगवेगळे आवाज होते: माणिक वर्मा, वसंतराव, ललिताबाई फडके, लता मंगेशकरसुद्धा. सगळी गीतं एकट्या बाबूजींच्या आवाजात आपल्याकडं आली ती नंतर. त्यातलं 'दैवजात दुःखे भरता' उचलून दोन प्रेमगीतांच्या मधे बसवलं की ते नुसतं एक गंभीर गाणं होतं. आधी भरत आलाय, त्यानं पाय धरलेत, आणि मग राम हे बोलतोय, हा सगळा भार निघून जातो.

माझी तक्रार खरी वेगळी आहे. 'लोकप्रिय गायकाची निवडक गाणी' हा साचा पडला की संगीतकार बाबूजी बाहेरच राहतात. 'का रे दुरावा' आशाबाईंच्या कॅसेटवर जाणार. 'सावळाच रंग तुझा' माणिक वर्मांच्या. 'त्या तिथे पलिकडे तिकडे' मालती पांड्यांच्या. 'प्रथम तुज पाहता' रामदास कामतांच्या. 'ज्योति कलश छलके' तर लताबाईंच्या हिंदी संग्रहात. ही सगळी एकाच माणसाची कामं. १९४६ च्या 'गोकुळ'पासून पुढची ५० वर्षं ज्यानं चाली बांधल्या त्याची ओळख 'तोच चंद्रमा गाणारे' एवढीच उरली, तर ते त्या निवडीचं पाप आहे.


सांजवात
७ सप्टेंबर, रात्री १०:१५

काका, तुमच्या माहितीपुढं मी काय बोलणार, पण एवढं मला मान्य नाही.

आमच्या घरात गाणं नव्हतं. आई शिवणकाम करायची, बाबा एसटीत. ती एक कॅसेट आली म्हणून मला बाबूजी कळले. बारा गाणी पाठ झाल्यावर मला तेरावं हवं झालं. मग सांगली आकाशवाणीवर कान लावून बसायचे, नाव सांगतील ते वहीत लिहायचे. 'का रे दुरावा'ची चाल बाबूजींची हे मला कुणी सांगितलं नाही, ते ऐकून मला वाटलं की हा तोच हात आहे, आणि निवेदकानं नाव घेतल्यावर मी स्वयंपाकघरात ओरडत गेले. सगळं गीतरामायण मी पहिल्यांदा ऐकलं कॉलेजात असताना. कॅसेट नसती तर तिथवर पोचलेच नसते.

आणि क्रमाचं म्हणाल तर तोही मोलाचा असतो. कुणीतरी बसून ठरवलं असेल की ए बाजूला सगळी भावगीतं घ्यायची आणि बी बाजू देवापासून सुरू करायची. 'धुंदी कळ्यांना' तेवढं चित्रपटातलं, पण तेही तिथं शोभतं. 'एक धागा सुखाचा' शेवटी ठेवलंय, त्याच्यानंतर दुसरं काही लावायला नको वाटतं. ज्यानं हे केलं त्याचंही नाव कव्हरवर नव्हतं.


भूपाळी
८ सप्टेंबर, सकाळी ६:३०

वहीत नावं लिहिणाऱ्या मुलीचा मी विचार केला नव्हता. तुमचं म्हणणं मी मनापासून मान्य करतो. श्रेयनामं छापायला हवी होती, एवढी माझी तक्रार मात्र कायम ठेवतो.


पट्टीवाला
८ सप्टेंबर, दुपारी १२:२०

मी इचलकरंजीचा. जुने टेप आणि कॅसेट दुरुस्त करणं हा माझा छंद आहे, त्यातलं थोडंफार कळतं. दोन गोष्टी लिहितो.

पहिली, कॅसेट वाचवण्याबद्दल. ती मेली असं समजू नका. पट्टी प्लॅस्टिकची असते, पाण्यानं लगेच मरत नाही. चिखल आणि बुरशी हे तिचे वैरी. टेपमध्ये अजिबात घालू नका, रिळं अडकली तर ओढून तुटेल. चार कोपऱ्यांतले आणि मधला असे पाच स्क्रू असतील तर काढा. नसतील तर खोकं चिकटवलेलं आहे, शिवणीवर पातळ पातं सरकवून अलगद उघडायचं. दोन्ही रिळं न सुटता उचला. डिस्टिल्ड वॉटरमध्ये हलक्या हातानं धुवा, नळाचं पाणी नको, क्षार बसतात. सावलीत दोन दिवस वाळू द्या. ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच, पट्टी आखडते. मग दुसऱ्या चांगल्या कॅसेटचं रिकामं खोकं घ्या, त्यात आतले गुळगुळीत कागद आणि पट्टीला मागून दाब देणारी फेल्टची गादी शाबूत आहे ना बघा, आणि रिळं त्यात बसवा. हाताने पेन्सिल घालून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या. आणि पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग लावून ठेवा. दुसऱ्यांदा वाजेलच याची खात्री नसते.

दुसरी गोष्ट तुमच्या वादाबद्दल. मला वाटतं तुम्ही दोघंही बरोबर आहात.

कॅसेटच्या दोन बाजू म्हणजे दोन पट्ट्या नव्हेत. पट्टी एकच. तिच्या खालच्या अर्ध्या रुंदीत ए बाजू, वरच्या अर्ध्यात बी बाजू, आणि बी उलट दिशेनं धावते. म्हणजे ए बाजूचं पहिलं गाणं जिथं आहे त्याच्याच डोक्यावर बी बाजूचं शेवटचं असतं. ए-२ वर बी-५. ए-३ वर बी-४.

सांजवात यांच्या कॅसेटवर जास्तीची गाणी कुठली? 'स्वर आले दुरूनी', ए बाजूला तिसरं. 'अंतरीच्या गूढ गर्भी', बी बाजूला चौथं. एकमेकांच्या बरोबर डोक्यावर. दोन वेगळ्या छपाया असत्या तर हीच जोडी गळाली नसती.

माझा अंदाज असा आहे की तुमच्या कॅसेटमधली तेवढी पट्टी कधीतरी कापून टाकलेली आहे. कॅसेटची पट्टी सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर धावते. साडेतीन मिनिटांच्या गाण्याला साधारण १० मीटर पट्टी लागते. आणि तुम्ही सांगितलेली ती खूण, 'कानडा राजा' एकदम थांबतं आणि 'टक्' होतं. रेकॉर्डिंगमध्ये तसं कुणी ठेवत नाही. तो जोड आहे.

कॅसेट उघडाल तेव्हा पट्टीवर चिकटपट्टी शोधा.


रंकाळ्याकाठी
८ सप्टेंबर, दुपारी १२:४०

नाद खुळा!! अंगावर काटा आला वाचून.


सांजवात
८ सप्टेंबर, दुपारी १:०५

ए-३ वर बी-४. मी कागदावर काढून बघितलं. अगदी बरोबर बसतंय.


उद्यमनगरचा
१५ सप्टेंबर, रात्री १०:३०

उशीर झाला, माफ करा. पट्टीवाले दादांनी सांगितलं तसंच सगळं केलं. स्क्रू गंजले होते, एक तर पार बसला होता, तो आबांनीच त्यांच्या हातानं काढला. धुतल्यावर पाणी तांबूस झालं. दोन दिवस माडीवर सावलीत ठेवली. मग एका भजनाच्या कॅसेटचं खोकं घेऊन त्यात रिळं बसवली आणि पेन्सिलीनं फिरवायला घेतली.

साधारण एक तृतीयांश पट्टी गेल्यावर ती आली. सेलोटेप. पिवळी पडलेली, कडेनं कात्रीनं नीट छाटलेली. दादा, तुम्ही न बघता सांगितलं होतं.

मी आबांना हाक मारली आणि दाखवली. त्यांनी चष्मा लावला, पट्टी उजेडाकडं धरली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही माझीच जोडणी हाय."

त्यांनी सांगितलं ते असं. कॅसेट घेतल्यावर दोन-तीन महिन्यांतच, एका दुपारी टेपनं पट्टी ओढून घेतली. रबरी रोलरभोवती गुंडाळी झाली. लोखंडाच्या बारीक किसात आणि तेलाच्या हातांनी ती सोडवताना अजून गुंतली, चुरगळली. मालक म्हणाले टाकून दे. आबांनी ती घरी आणली, रात्री कंदिलाशी बसून चुरगळलेला भाग ब्लेडनं कापला आणि दोन टोकं जोडली. सकाळी परत फळीवर. तिसऱ्या महिन्यापासून पुढची २० वर्षं त्यांनी दहाच गाणी ऐकली. आधीची बारा त्यांच्या ध्यानातून पुसून गेली. मला तर बाराची कधी माहितीच नव्हती. मला आयुष्यभर वाटत आलं की 'कानडा राजा' तसंच तुटक संपतं.

ए बाजू जवळपास सगळी निघाली. 'धुंदी कळ्यांना'मध्ये आवाज थोडा खाली जातो. बी बाजूला 'देहाची तिजोरी'चं पहिलं कडवं गेलंय, तिथं नुसती खरखर आहे. जोडावर मात्र पट्टी घट्ट आहे. पुरात पाच दिवस राहूनही ती सुटली नाही.


पट्टीवाला
१५ सप्टेंबर, रात्री ११:१०

सेलोटेपचा जोड एवढी वर्षं टिकत नाही. गोंद पाझरतो आणि शेजारचे वेढे चिकटतात. तो टिकला याचा अर्थ टोकं तिरकी आणि अगदी बिनफटीची कापलेली असणार. आबांचा हात साधा नाही. त्यांना माझा नमस्कार.

जोड आता बदलू नका. रेकॉर्डिंग झालंय ना, मग कॅसेट तशीच ठेवा.


सांजवात
१६ सप्टेंबर, सकाळी ८:००

आता खंडेनवमीला काय लावणार? दहा की बारा?


भूपाळी
१६ सप्टेंबर, सकाळी ८:२५

हा निर्णय फक्त आबांचा. पण एक नोंदवतो. गेलेली दोन्ही गाणी बाबूजींनी दुसऱ्यांच्या चालीवर गायलेली आहेत, एक जोगांची आणि एक फाटकांची. 'अंतरीच्या गूढ गर्भी' तर मला त्यांच्या आवाजातलं सगळ्यात खोल गाणं वाटतं. शब्दांमागं आवाज इतका कमी ठेवलाय की आपण आपोआप पुढं झुकतो.


उद्यमनगरचा
१७ सप्टेंबर, रात्री ९:००

काल रात्री आबांना विचारलं. मला वाटलं होतं ते दहाच म्हणतील, कारण मोबाईलवर क्रम चुकला की त्यांना चालत नाही. 'स्वर आले दुरूनी' त्यांना एकदा ऐकवलं. पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "पार्ट मिळाला न्हवता म्हणून मशीन तसंच चालवलं. आता मिळालाय तर बशीव जिथल्या तिथं."

बारा लावणार. ताईंच्या क्रमानं.


उद्यमनगरचा
खंडेनवमी, रात्री ८:२०

आज झालं. सकाळी लेथ धुऊन-पुसून झेंडूच्या माळा घातल्या. लेथच्या चकला, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्याला, हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. आबांना खुर्ची दिली होती, पण ते त्यांच्या जुन्या मशीनपाशी उभेच राहिले. जुने तिघं कामगार आले होते. आताची पोरंही होती, त्यातल्या दोघांना 'आकाशी झेप' सोडून काही माहीत नव्हतं.

गाणी आबांच्या कॅसेटमधूनच काढलेली लावली, त्या खरखरीसकट. गेलेली दोन तेवढी विकतच्या रेकॉर्डिंगमधून घेतली, आणि 'देहाची तिजोरी'चं पहिलं कडवं आणि 'कानडा राजा'चा शेवटही. 'सखी मंद' संपल्यावर आबांचा हात सवयीनं उचलला गेला, 'अशी पाखरे'ची वाट बघत. 'स्वर आले दुरूनी'ची सुरावट आली तसा तो मशीनच्या बेडवर टेकला आणि गाणं संपेपर्यंत तिथंच राहिला. 'कानडा राजा' या वेळी पूर्ण संपलं. वसंतराव आणि बाबूजी दोघं शेवटपर्यंत ऐकू आले. जुन्यांपैकी एक जण म्हणाले, "आरं, हे असं संपतंय व्हय?"

ए बाजू संपल्यावर चहा सांगायचा हा नियम पाळला. यंदा चहा साडेतीन मिनिटं उशिरा आला.


सांजवात
खंडेनवमी, रात्री ८:४५

दादा, आबांच्या आवाजातलं "जिथल्या तिथं" मला इथं पुण्यात ऐकू आलं. त्या कॅसेटचं रेकॉर्डिंग मला पाठवाल का? बारा गाण्यांचं नको, माझ्याकडं ती आहेत. त्या दहा गाण्यांचं हवंय, तो 'टक्' असलेलं.